भाव साइजप्रमाणे

जूनचा शेवटचा आठवडा होता. मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे गेलं की ओळीने हॉटेलं लागतात, त्यांतल्या एकात आम्ही चौघं दुपारी जेवायला बसलो होतो. काचेपलीकडे समुद्र गढूळ, खवळलेला. वाळूवर पार वर ओढून ठेवलेल्या सात-आठ होड्या, त्यांच्यावर झापं आणि निळ्या ताडपत्र्या, दोर माडांच्या बुंध्यांना करकचून बांधलेले. वेटर आला. अठरा-वीस वर्षांचा पोरगा. मासे काय आहेत म्हणून विचारलं तर म्हणाला, "सुरमई घ्या सर. एकदम ताजी, सकाळीच बोटीतून आलीय."

आईने आधी त्या होड्यांकडे पाहिलं, मग त्या पोराकडे. आई बहात्तर वर्षांची. वेंगुर्ल्याकडच्या एका गावात वाढलेली, लग्न होऊन ठाण्याला आली त्याला आता पन्नास वर्षं होतील. ती तेव्हा काहीच बोलली नाही. थाळी आल्यावर तिने तुकडीवरचं रव्याचं कवच बोटाने बाजूला केलं आणि मधला काटा सोडवला. ताज्या सुरमईचं मांस घट्ट असतं, पाकळीपाकळीने सुटतं. हे कापसासारखं तुटत होतं. रव्याच्या खाली पाणी सुटलं होतं आणि तिथला रवा भिजून लगदा झाला होता. "मासो बर्फातलो आसा," आई हळूच म्हणाली. खाल्लं मात्र तिने सगळं, कारण ताटात टाकायचं नाही ही तिची जन्माची शिस्त.

मेन्यूकार्डावर पापलेटसमोर आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'साइजप्रमाणे'. पोराने स्टीलच्या ट्रेमध्ये तीन पापलेटं आणून दाखवली. हे नऊशेचं, हे अकराशेचं, हे चौदाशेचं. वजन किती, असं विचारल्यावर तो गोंधळला, आत जाऊन आला आणि म्हणाला, "वजन नाही करत सर, साइजवर असतं." मुलीला पापलेट खायचं होतं. आम्ही चौदाशेचं सांगितलं. वीस मिनिटांनी ताटात जे आलं ते ट्रेमधलंच होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. रवा लावून तळल्यावर सगळी पापलेटं सारखीच दिसतात.

चौघांचं बिल ४,६२० रुपये झालं. तीन सुरमई थाळ्या १,९५०, ते पापलेट १,४००, कोळंबी ४५०, डाळभात २८०, वरून मागवलेल्या चार सोलकढ्या ३२० आणि ५ टक्के जीएसटी. सोलकढीला पावडरीच्या नारळाची चव होती आणि ती गोड होती. ज्या गावात घराघरांत माड आहे आणि कुंपणाला रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड, तिथे ही सोलकढी प्यायला लागली याचं मला खरोखर वाईट वाटलं.

पैसे जास्त लागले म्हणून मी हे लिहीत नाही. किनाऱ्यावर हॉटेल चालवणं महाग आहे हे मला मान्य आहे. दिवाळी ते मे हा हंगाम, त्यातही शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर टेबलं रिकामी. पावसात वीज जाते, जनरेटरला डिझेल लागतं, खाऱ्या हवेने पत्र्यापासून फ्रिजपर्यंत सगळं गंजतं. सुरमई, पापलेट, हलवा यांचे भाव बंदरावरच चढलेले असतात. हॉटेलवाल्याने हे सगळं जमेस धरून थाळीला साडेसहाशे लावले तर तो त्याचा हक्क आहे. न परवडणाऱ्याने उठावं आणि पुढे जावं. पण उठायचं की बसायचं हे ठरवण्यासाठी काय विकलं जातंय ते तर कळलं पाहिजे. आमच्या ताटात काय आलं, ते कुठून आलं, किती दिवसांचं होतं आणि किती वजनाचं होतं, यांतली एकही गोष्ट आम्हाला खरी सांगितली गेली नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला लहान वाटत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही जीव घेणारा. बिगर-यांत्रिक होड्यांना या बंदीतून सूट आहे, खाडीतली मासळीही मिळते, त्यामुळे पावसाळ्यात किनाऱ्यावर मासाच नसतो असं नाही. कुर्ल्या असतात, तिसऱ्या असतात, शेंगटी असते. पण दोन बोटं जाडीच्या तुकड्या पडतील अशी सुरमई जूनअखेरीस रोज सकाळी समोरच्या वाळूवर उतरत नाही. ती शीतगृहातली असते, किंवा दूरच्या कुठल्या तरी मोठ्या बंदरावरून बर्फाच्या ट्रकमधून आलेली असते. त्यात गैर काहीच नाही. नीट गोठवलेला मासा खायला सुरक्षित असतो आणि मुंबई-पुण्यात आपण तो वर्षभर खातोच. तो 'सकाळच्या बोटीतला' म्हणून वाढला जातो तिथे खोटं सुरू होतं.

त्या खोट्याचा सगळ्यात मोठा फटका मला बसलेला नाही. ताडपत्रीखाली झाकलेल्या त्या होड्या कुणाच्या तरी आहेत. तो माणूस दोन महिने हात बांधून बसलाय. जाळी विणतोय, इंजिन खोलून दुरुस्त करतोय, उसनवारीवर घर चालवतोय. समुद्रात मासा वाढावा म्हणून त्याने सोसलेली ही झळ आहे. त्याच्या होडीपासून शंभर पावलांवर 'आजची ताजी सुरमई' साडेसहाशेला विकली जाते, तेव्हा त्या सोसण्याला काही किंमतच उरत नाही. पर्यटक समजतो, मासा बारा महिने येतोच, बंदीबिंदी कागदावरच. गिऱ्हाईक ज्याच्यासाठी जास्त पैसे मोजतं ते 'समुद्रकाठचं' असणं मूळ त्या दर्यावर्दी माणसाचं आहे आणि त्या जादा पैशातला छदाम त्याच्या हाती लागत नाही.

गोव्यात हे फार कडू पद्धतीने उघड झालं होतं. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन, असल्याच्या संशयावरून तपासणी झाली, अहवालांवरून मोठं वादळ उठलं आणि सरकारला बाहेरच्या मासळीची आयात काही काळ थांबवावी लागली. ज्या राज्याची ओळखच 'शीतकडी'शी, म्हणजे मासळीच्या आमटी-भाताशी बांधलेली, तिथल्या लोकांनाही आपल्या ताटातला मासा आंध्र, तामिळनाडू, कर्नाटकातून ट्रकने येतो याचा त्या दिवसांत नव्याने धक्का बसला. तो मासा बाहेरून येत होता हे व्यापाऱ्यांना ठाऊक होतं, हॉटेलांना ठाऊक होतं. न कळलेला एकटा खाणारा होता.

मासळी बाजारात असं होत नाही, कारण तिथे गिऱ्हाईक स्वतः मासा पाहतं. डोळा वर आलाय की खोल गेलाय, कल्ला उचलला तर आत लाल आहे की तपकिरी, पोटावर दाबलं तर खड्डा राहतो का. दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी उभं राहून बघा. ओल्या वाळूवर वाटे मांडलेले असतात, चार लोकांसमोर बोली लागते आणि मासळी घेणारी बाई खात्री पटल्याशिवाय पैसे काढत नाही. भाव रोज बदलतो, सकाळ-संध्याकाळ बदलतो, पण तो सगळ्यांसमोर बदलतो. हॉटेलच्या टेबलावर मासा येतो तेव्हा त्याला डोळाही नसतो आणि कल्लाही नसतो. तिथे गिऱ्हाइकाकडे विश्वासाशिवाय काही नाही, म्हणून तिथे जास्त सांगायला हवं. प्रत्यक्षात सगळ्यात कमी तिथेच सांगितलं जातं.

सांगली-कोल्हापूरच्या एसटी स्टँडजवळच्या खानावळीत रस्सा पाणचट झाला तर आठवड्याभरात टेबलं रिकामी होतात. तिथे रोज येणारा माणूस जेवतो आणि तो तोंडावर बोलतो. समुद्रकाठच्या हॉटेलात आलेली माणसं रविवारी संध्याकाळी घाट चढून निघून जातात आणि पुन्हा त्या गावी आलीच तर तीन-चार वर्षांनी येतात. वाईट जेवण वाढल्याची शिक्षा तिथे कुणाला होत नाही. आजचं गिऱ्हाईक गेलं तरी उद्याची गाडी येणारच असते. बाजार आपोआप सगळं नीट करेल असं म्हणणाऱ्यांचं घोडं इथेच पेंड खातं. फोनवरचे तारे आणि शेरे याला पुरे पडत नाहीत. बर्फातल्या आणि ताज्या सुरमईतला फरक ज्याला कळत नाही तो 'सी व्ह्यू मस्त' असं लिहून पाच तारे देतो, आणि तो काही खोटं बोलत नसतो.

निघताना गल्ल्यावरच्या मालकाशी बोललो. आवाज न चढवता, आईसमोर. माणूस गावातलाच, पन्नाशीचा. त्याने नाकारलं नाही. म्हणाला, "साहेब, फ्रोजन आहे म्हणून सांगितलं तर लोक उठतात आणि पुढच्या हॉटेलात जातात. तिथे तीच सुरमई ताजी म्हणून खातात. मी खरं बोललो तर धंदा त्याचा होतो." त्याच्या या बोलण्याला माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. नंतर विचार करताना लक्षात आलं की नियम हवा याच्या बाजूने याहून चांगला मुद्दा मलाही मांडता आला नसता. एकट्याने खरं बोलणं तोट्याचं असेल तर ते सगळ्यांवर सारखंच बंधनकारक करावं लागतं. मग शेजारचा खोटं बोलून गिऱ्हाईक पळवेल ही भीती उरत नाही.

त्याच्या म्हणण्यातला दुसरा अर्धा भाग आपल्याकडे बोट दाखवतो आणि तोही टाळून चालणार नाही. आपल्याला सुरमई आणि पापलेटच हवं असतं. जूनमध्येही हवं असतं, कारण सुट्टी जूनमध्ये काढलेली असते. मोरी, सौंदाळा, कर्ली, पेडवे, तारली, लेपा ही नावं कार्डावर दिसली तर आपण वेटरला विचारतो, "पापलेट नाही का?" काटे जास्त म्हणून कर्ली नको, वास येतो म्हणून तारली नको. आणि पापलेट तरी कसं? त्या दिवशी शेजारच्या टेबलावर एका ताटलीत तळहाताएवढी चार पापलेटं आली होती. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे. त्याच वर्षी राज्याने पन्नासहून जास्त जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला, आणि १३५ मिलिमीटरहून लहान पापलेट पकडायचं नाही असं त्यात आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा आपण 'क्यूट साइज' म्हणून मागवतो, मग पुढच्या वर्षी भाव वाढला म्हणून हॉटेलवाल्याला बोल लावतो.

पावसाळ्यात या किनाऱ्यावर खायला काही नसतं, असंही नाही. सुक्या बांगड्याची किसमूर, सोड्यांची खिचडी, जवळ्याची चटणी, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, आठळ्या घातलेलं अळू, गरम घावणे. पिढ्यानपिढ्या कोकणाने पावसाळा याच्यावर काढलाय. आई लहानपणीच्या जून-जुलैबद्दल बोलते तेव्हा चुलीवर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास हीच तिची पहिली आठवण असते. आम्ही बसलो होतो त्या हॉटेलच्या सहा पानी कार्डावर यातला एकही पदार्थ नव्हता. पनीरचे अकरा होते, मी मोजले.

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला 'घरगुती जेवण मिळेल' अशी हाताने रंगवलेली पाटी दिसली म्हणून खालच्या नंबरावर फोन केला. पलीकडून बाई म्हणाल्या, "ताजी मासळी नाहीये हो, बंदी चालू आहे. कुर्ल्या मिळाल्या तर करते, नाहीतर सुकं चालेल का?" कुर्ल्या मिळाल्या नाहीत. सुका बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, पिठी, भात आणि सोलकढी. माणशी अडीचशे. सोलकढीत लसूण ठेचलेली दिसत होती आणि पेल्याच्या कडेला नारळाच्या दुधाची पांढरी रेघ उरली होती. आईने दुसऱ्यांदा भात घेतला, जे ती एरवी कधी घेत नाही.

ही गोष्ट घरगुती ते चांगलं आणि हॉटेल ते वाईट हे दाखवायला मी सांगत नाही. घरगुती पाटीखालीही फसवणूक होते. सांगायचंय ते वेगळं. त्या बाईंच्या पडवीत त्या दुपारी आम्ही चौघं सोडून कुणी नव्हतं. सकाळपासून तीन फोन आले आणि सुरमई नाही म्हटल्यावर तिघांनीही ठेवून दिले, असं त्या म्हणाल्या. त्याच वेळी कालच्या हॉटेलसमोर मुंबई-पुण्याच्या नंबरांच्या गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. खरं बोलणाऱ्याची पडवी रिकामी राहते, ही अवस्था गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर सोडून सुधारणार नाही.

कायद्याचा पाया तयार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूचा दर्जा, परिमाण, शुद्धता आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिलाय. 'साइजप्रमाणे' या एका शब्दात यांतलं काहीही मिळत नाही. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेन्यूवर पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात. मिठाईच्या दुकानात सुट्या पेढ्याच्या ताटापुढे तो कधीपर्यंत खावा हे लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झालं, तेव्हा 'हे कसं शक्य आहे' असं हलवायांनीही म्हटलं होतं. आज बऱ्याच दुकानांत ती चिठ्ठी दिसते. पेढ्याला जे जमलं ते पापलेटला का जमू नये?

मागणी फार मोठी नाही. 'साइजप्रमाणे' हा शब्द बंद व्हावा आणि त्या जागी शंभर ग्रॅमचा भाव यावा. मासा तळणीत जाण्याआधी गिऱ्हाइकासमोर काट्यावर ठेवला जावा आणि वजन बिलावर छापलं जावं. भाव रोज बदलतो हे खरं, त्याला छापील कार्ड लागत नाही, दारातला फळा आणि खडू पुरतो. आणि प्रत्येक माशासमोर दोनच शब्दांपैकी एक लिहिला जावा, ताजा किंवा गोठवलेला. ताजा असेल तर कुठल्या बंदराचा तेही. इटलीत गोठवलेल्या माशासमोर मेन्यूवर चांदणीची खूण करतात आणि पानाच्या तळाशी तिचा अर्थ लिहितात. ती खूण टाळणं तिथे फसवणूक धरलं जातं. मोठ्या माशाचा भाव शंभर ग्रॅमवर लिहिणं हीही तिथली रोजची रीत आहे. त्यामुळे तिथली किनाऱ्यावरची हॉटेलं काही बंद पडलेली नाहीत.

लहान हॉटेलवाल्यावर हा आणखी एक निरीक्षकाचा बोजा होईल आणि हप्ता वाढेल, अशी शंका घेणारे आहेत. ती खोटी नाही. म्हणून मला वाटतं, सुरुवात ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी आणि हॉटेलवाले यांनी मिळून करावी. बंदरावर आज कुठली मासळी उतरली हे सोसायटीला रोज माहीत असतंच. तेवढी यादी रोज सकाळी पंचायतीच्या फळ्यावर आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तर ज्या हॉटेलात यादीबाहेरचा मासा 'ताजा' म्हणून निघेल ते गिऱ्हाइकाला निरीक्षकाशिवाय कळेल. अन्न व औषध प्रशासन आणि वैधमापनवाल्यांनी वजनकाट्याची सक्ती तेवढी नीट राबवावी.

हापूससाठी आपण हे केलंय. कर्नाटकातला आंबा 'देवगड' म्हणून विकला जातो म्हणून इथला बागायतदार वर्षानुवर्षं ओरडत राहिला, कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता मुंबईतलं गिऱ्हाईकसुद्धा पेटी घेताना "देवगड की रत्नागिरी?" असं विचारतं. आंबा कुठला हे विचारणं आपल्याला चोखंदळपणाचं वाटतं. त्याच कोकणात बसून सुरमई कुठली असं विचारलं की वेटर गोंधळतो आणि शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघतात. मालवणच्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, बागायतदाराइतकाच आपल्या मालाच्या नावावर हक्क आहे. तो मागायला त्याच्याकडे पेटी नाही आणि पेटीवर चिकटवायला लेबल नाही.

मी त्या बिलाचा फोटो जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिलावर पापलेटच्या ओळीत 'एपीएस १' एवढंच छापलंय, म्हणजे 'ॲज पर साइज', साइजप्रमाणे एक. माशाचं नाव नाही, वजन नाही.

त्या पाटीवाल्या बाईंनी निघताना आईचा नंबर घेतला होता. बंदी उठून बोटी गेल्या की कळवते म्हणाल्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आईच्या फोनवर त्यांचा संदेश आला: "सुरमय अजून नाय. बांगडो इलो."